न वाकलेला आस

फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ म्युलूझ नावाचे औद्योगिक शहर आहे. तेथील मोटारींच्या संग्रहालयात बुगाटी गाड्यांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे. शंभराहून अधिक गाड्या ओळीने उभ्या आहेत. बहुतेक प्रेक्षक लांबलचक बॉनेट, घोड्याच्या नालाच्या आकाराची जाळी आणि तो सुप्रसिद्ध निळा रंग पाहून पुढे सरकतात. जाणकार मात्र गुडघे टेकून गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये डोकावतात. तेथे असतो एक आस. बैलगाडीवाले ज्याला आख म्हणतात तोच. चांदीच्या भांड्यासारखा चकचकीत, आतून पोकळ, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळता होत गेलेला. इतर गाड्यांत स्प्रिंगचे पाटे आसावर नुसते बांधलेले असतात. येथे आसालाच चौकोनी खिडक्या ठेवल्या आहेत आणि पाटे त्यांतून आरपार गेले आहेत. पोलादाचे इतके देखणे काम मोटारींच्या इतिहासात फार थोडे झाले असेल.

हा देखणा आसच पुढे बुगाटीच्या धनिक ग्राहकांच्या कंबरेला आणि मनगटांना जाणवू लागला. त्याने कारखान्यातील अभियंत्यांना हताश केले आणि एका बापलेकात मतभेदाची रेघ ओढली. एत्तोरे बुगाटी यांचे चरित्र सांगताना शर्यतींतील विजय आणि राजेरजवाड्यांचे किस्से नेहमीच सांगितले जातात. या आसाच्या बाजूने ते चरित्र पाहिले, तर माणूस अधिक जवळून दिसतो.

एत्तोरे यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. वडील कार्लो बुगाटी हे फर्निचर आणि दागिने घडवणारे नामवंत कलावंत. धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा प्राण्यांची शिल्पे करणारा अत्यंत गुणी शिल्पकार होता. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली. घरात लाकूड, ब्राँझ, चामडे, पितळ यांची सतत घडण चाललेली. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण एत्तोरे यांनी कधी घेतले नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी ते प्रिनेत्ती आणि स्तुक्की या मिलानच्या सायकल कारखान्यात उमेदवारी करू लागले आणि तेथे त्यांना यंत्राचा नाद लागला. १९०१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्यांची स्वतःची मोटार झळकली. ती पाहून द दित्रिश या अल्सास प्रांतातील कारखानदारांनी त्यांना १९०२ मध्ये बोलावून घेतले. एत्तोरे तेव्हा कायद्याने अज्ञान होते, म्हणून करारावर वडिलांना सही करावी लागली.

गाडीचा भाग कसा दिसतो, यावरून तो बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची सवय या घरात त्यांना लागली असावी. बुगाटींच्या कारखान्यातील इंजिनांचे पृष्ठभाग कारागीर हाताने खरवडून इतके सपाट करीत, की जोडांमध्ये गॅस्केट घालण्याची फारशी गरज उरत नसे. कारखान्याच्या आवारात घोडे होते, कुत्रे होते आणि ग्राहकांना उतरण्यासाठी एक टुमदार अतिथिगृह होते. मालक हॅट घालून, घोड्यावर बसून कारखान्याची पाहणी करीत. आपल्या गाड्यांना ते जातिवंत घोड्यांची उपमा देत, आणि त्या अतिथिगृहाचे नावही जातिवंत रक्ताच्या या कल्पनेवरूनच ठेवलेले होते.

हा कारखाना त्यांनी १९०९ च्या अखेरीस मोलसाइम या गावी एका जुन्या रंगशाळेत सुरू केला. अल्सास तेव्हा जर्मनीकडे होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आले. त्याआधी कलोन येथे दॉइट्झ या इंजिन कारखान्यात नोकरी करीत असताना त्यांनी घरच्या तळघरात एक चिमुकली मोटार स्वतःसाठी बनवली होती. मोलसाइमची पहिली गाडी, टाइप १३, तिच्यावरूनच आली. वजनाला हलकी, आकाराने लहान आणि आज्ञाधारक. १९२१ मध्ये ब्रेशा येथील शर्यतीत या गाड्यांनी पहिले चारही क्रमांक पटकावले आणि त्या गावाचे नाव गाडीला कायमचे चिकटले.

युद्धापूर्वीच बुगाटींनी मागच्या चाकांसाठी एक वेगळी रचना योजली होती. सर्वसाधारण गाडीत पाट्याची कमान पूर्ण असते. बुगाटींनी तिचा पाव भाग घेतला, तो चासीच्या शेपटाला घट्ट आवळला आणि त्याचे मोकळे टोक पुढच्या दिशेने आणून आसाला जोडले. दिसायला हे उलटे वाटे, पण त्यामुळे गाडीचा मागचा भाग वळणावर घट्ट राही आणि वजनही वाचे. १९२४ मध्ये लियाँ येथे अवतरलेल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीत ही मागची रचना आणि पुढचा तो पोकळ आस एकत्र आले. लियाँला नव्या टायरांनी दगा दिला आणि बुगाटींच्या गाड्या सातव्या-आठव्या क्रमांकापुढे गेल्या नाहीत. पण पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगरातील तार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत बुगाटीनेच जिंकली. १९२९ मध्ये मोनॅकोची पहिली ग्राँ प्री झाली, तीही टाइप ३५ च्याच एका आवृत्तीने. श्रीमंत हौशी चालकाने कारखान्यात यावे, गाडी विकत घ्यावी आणि थेट शर्यतीत उतरावे, ही सोय जगात जवळजवळ फक्त मोलसाइमला होती. तेव्हा या आसाविषयी तक्रार करण्याचे कोणाला कारणच नव्हते. गाडी हलकी, चालक तरुण, आणि स्टिअरिंग इतके नेमके की बोटांच्या टोकांवर रस्ता वाचता येई.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जोडलेली असली, म्हणजे उजवे चाक दगडावर चढताच संपूर्ण दांडा तिरपा होतो आणि डावे चाकही त्याबरोबर कलते. चाक वेगाने फिरत असते. फिरणाऱ्या भोवऱ्याला एका बाजूला कलवले की तो दुसऱ्याच दिशेला वळू पाहतो. चाकाचेही तसेच होते. मग पुढची चाके थरथरू लागतात आणि ती थरथर स्टिअरिंगमधून हातात येते. यावर जुना उपाय एकच: पाटे ताठ ठेवायचे आणि शॉक ॲब्सॉर्बर घट्ट आवळायचे, म्हणजे दांड्याला हलायला वावच राहत नाही. गुळगुळीत रस्त्यावर हे उत्तम चालते. खडबडीत रस्त्यावर मात्र जो धक्का स्प्रिंगने पचवायचा, तो बसणाऱ्याच्या पाठीला पचवावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र टांगणे, ज्याला स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात. एका चाकाचे दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि पाटे मऊ ठेवता येतात. इटलीच्या लान्चाने लाम्ब्दा या गाडीत १९२२ मध्येच पुढची चाके अशी मोकळी केली होती.

बुगाटींना ही कल्पना ठाऊक नव्हती असे नाही. १९३२ मध्ये त्यांच्याच कारखान्यात टाइप ५३ ही चारही चाकांना शक्ती देणारी गाडी तयार झाली. तिची पुढची चाके स्वतंत्र टांगलेली होती. ती घाटातील शर्यतींसाठी होती आणि चालवायला महाकठीण; स्टिअरिंग वळवताना चालकाचे दंड भरून येत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श येथे सराव करताना थोरले चिरंजीव जाँ यांच्या हातून ती गाडी आदळली. स्वतंत्र सस्पेन्शनविषयीची वडिलांची अढी या अनुभवाने पक्की झाली असावी, असे मला वाटते. त्या गाडीचे दुखणे वास्तविक चारही चाकांना शक्ती देण्याच्या त्या काळच्या अपुऱ्या तंत्रात होते. चाके कशी टांगली, हा त्यातला लहान भाग होता. पण मनात एकदा गाठ बसली, की कारणांची निवड कोण करतो?

जाँ यांचा जन्म १९०९ चा, म्हणजे कारखान्याच्याच वयाचा. वडिलांची दृष्टी त्यांच्याकडे आली होती, आणि तिच्या जोडीला काळाचे भानही होते. विशीतच ते गाड्यांच्या बॉडीचे आराखडे करू लागले. जगभर मंदी पसरलेली होती. रोयाल ही पावणेतेरा लिटर इंजिनाची अवाढव्य गाडी राजांसाठी म्हणून बनवली गेली. सहाच तयार झाल्या आणि कशाबशा तीन विकल्या गेल्या. तिच्या इंजिनांचा उपयोग शेवटी रेल्वेच्या डब्यांसाठी झाला आणि त्या डब्यांनीच कारखाना तगवला. अशा वेळी जाँ यांनी एक नवी गाडी आखली. शर्यतीचा हट्ट नसलेली, पण बुगाटीचा वेग असलेली. पत्नीला शेजारी बसवून पॅरिसहून समुद्रकिनारी जाता येईल अशी. आठ सिलिंडर एका ओळीत, क्षमता ३२५७ घनसेंटिमीटर. हीच टाइप ५७, जी १९३४ पासून विकली जाऊ लागली.

या गाडीच्या पहिल्या नमुन्यांत जाँ यांनी पुढची चाके स्वतंत्र टांगली होती. वडिलांनी ते पाहिले आणि काढून टाकायला लावले. बुगाटी म्हटली की पुढे अखंड आस असलाच पाहिजे, हा त्यांचा निर्णय. त्यावर अपील नव्हते. मुलाने मग एक मधला मार्ग काढला. सुरुवातीच्या टाइप ५७ गाड्यांचा आस दोन तुकड्यांत बनवून मध्ये एका कड्याने जोडलेला होता, जेणेकरून दोन्ही अर्धे एकमेकांच्या तुलनेत किंचित फिरू शकतील. दुरून पाहणाऱ्याला आस अखंडच दिसे. वडिलांच्या डोळ्यांचा मान राखून चाकांना थोडी मोकळीक देण्याची ही धडपड होती, असे त्या कड्याकडे पाहून वाटल्यावाचून राहत नाही.

याच १९३४ साली पॅरिसमध्ये सित्रोएनने पुढच्या चाकांना शक्ती देणारी आपली नवी मोटार बाजारात आणली. मध्यमवर्गीयांसाठी हजारोंनी निघणारी, यंत्राच्या साच्यातून दाबून काढलेली गाडी. आणि तिची पुढची चाके स्वतंत्र टांगलेली होती. डॉक्टर, वकील, फिरते विक्रेते अशी मंडळी त्या गाडीतून दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून निवांत जाऊ लागली. त्यांच्या शेजारून कितीतरी पट किंमत मोजलेला बुगाटीचा मालक जाई, तो ताठ पाट्यांवर, ठोकरा खात. वर, धनिकांच्या बाजारातही प्रतिस्पर्धी स्वस्थ बसले नव्हते. देलाएची १३५ ही गाडी १९३५ मध्ये आली, तिलाही पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते. शर्यतीच्या मैदानावर मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन संघांनी १९३४ मध्ये चारही चाके स्वतंत्र टांगलेल्या गाड्या उतरवल्या. बुगाटीची टाइप ५९ त्यांच्यासमोर आली, ती अखंड आस घेऊनच. त्या वर्षी बेल्जियमची शर्यत रने ड्रेफ्यूस यांनी टाइप ५९ मधून जिंकली खरी. परंतु अव्वल दर्जाच्या ग्राँ प्री शर्यतींतील बुगाटीचे दिवस भरत आले होते.

टाइप ५७ च्या ग्राहकांची तक्रार केवळ सस्पेन्शनपुरती नव्हती. सुरुवातीला इंजिन चासीला थेट आवळलेले असे, त्यामुळे त्याचा कंप सगळ्या गाडीत भिने. ब्रेक दोरीने ओढले जात, तेही इतरांनी तेलाच्या दाबाचे ब्रेक स्वीकारल्यानंतर बऱ्याच वर्षांपर्यंत. ब्रेकबद्दल कुरकुरणाऱ्या एका ग्राहकाला बुगाटींनी आपण गाड्या पळण्यासाठी बनवतो, थांबण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली, ग्राहकांना तिच्यात मालकाचा स्वभाव ओळखू आला म्हणूनच ती टिकली. आणि तरीही माणसे ही गाडी घेत राहिली. टाइप ५७ सुमारे सातशे निघाल्या. मोलसाइमच्या मानाने हा आकडा मोठाच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या ताफ्यातही याच घराण्यातील ठेंगणी टाइप ५७ एस होती. या ठेंगण्या गाडीत मागचा आस चासीच्या दांड्यांना पाडलेल्या छिद्रांतून आरपार नेलेला होता, आणि धक्के आवरण्यासाठी द राम या नावाचे अतिशय गुंतागुंतीचे, महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवले जात. जो दोष साध्या बदलाने गेला असता, तो झाकण्यासाठी केवढे खर्चिक कौशल्य ओतले गेले, याचे हे उदाहरण.

बुगाटींची बाजूही समजून घेतली पाहिजे. अखंड आसावर दोन्ही चाके एकमेकांना समांतर राहतात. त्या काळातील कित्येक स्वतंत्र सस्पेन्शन कच्ची होती; वळणावर चाके वेडीवाकडी कलत, सांधे झिजत आणि स्टिअरिंग ढिले पडे. बुगाटीचे स्टिअरिंग मात्र वर्षानुवर्षे घड्याळासारखे नेमके राही. १९३७ आणि १९३९ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत टाइप ५७ वर बेतलेल्या गाड्यांनी जिंकली, ती या आसाच्याच आधारावर. निष्णात चालकाच्या हाती, चांगल्या रस्त्यावर, वडिलांचे म्हणणे चुकीचे नव्हते. फक्त गाडी आता निष्णात चालकासाठी राहिलेली नव्हती. ती पन्नाशीतल्या धनिकासाठी होती, ज्याला रात्रीचे जेवण किनाऱ्यावरच्या हॉटेलात घ्यायचे होते. मुलाला हा माणूस दिसत होता. वडिलांना तो दिसला नाही, किंवा त्याच्यासाठी आस बदलावा इतका तो त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

१९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्सभर संपाची लाट आली. मोलसाइमच्या कामगारांनीही कारखान्याचा ताबा घेतला. ज्यांना आपण कुटुंबीय मानले, तेच दाराशी उभे राहिले, हा घाव एत्तोरे यांना सोसला नाही. ते पॅरिसला निघून गेले आणि कारखान्याचा रोजचा कारभार जाँ यांच्याकडे आला. मग बदल होऊ लागले. इंजिनाखाली रबराच्या गाद्या आल्या. १९३८ मध्ये तेलाचे ब्रेक आणि दुर्बिणीसारखे नळीत सरकणारे शॉक ॲब्सॉर्बर आले. गाडी माणसाळली. आसाला मात्र मुलाने हात लावला नाही. वडील चारशे किलोमीटरवर होते, कारखान्यात रोज येत नव्हते, तरीही नाही.

ऑगस्ट १९३९. ल माँ जिंकणारी गाडी पुढच्या शर्यतीसाठी तपासायची होती. ११ तारखेच्या रात्री जाँ तिला मोलसाइमजवळच्या सरळ रस्त्यावर घेऊन गेले. रस्ता राखण्यासाठी माणसे उभी केली होती, तरी एक सायकलस्वार मध्ये आलाच. त्याला वाचवताना गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. जाँ जागीच गेले. वय वर्षे तीस. या अपघाताशी आसाचा काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे; त्या वेगात कोणतेही सस्पेन्शन कामी आले नसते. परंतु मोलसाइममध्ये वडिलांपुढे दुसरे मत मांडू शकणारा एकमेव माणूस त्या रात्री गेला. तीन आठवड्यांनी महायुद्ध सुरू झाले.

पुढची आठ वर्षे ओसरती होती. जर्मनांनी कारखाना दडपणाखाली विकत घेतला. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला, कारण मालक जन्माने इटालियन होता. एत्तोरे यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले आणि न्यायालयात लढा दिला. १९४७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोवर ते अंथरुणाला खिळले होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मोलसाइमला लागून असलेल्या दोर्लिसाइम गावातील स्मशानभूमीत, जाँ यांच्याजवळ, त्यांना पुरले.

धाकटे चिरंजीव रोलाँ आणि जुने सहकारी यांनी कारखाना चालवण्याचा प्रयत्न केला. १९५१ मध्ये टाइप १०१ ही नवी गाडी प्रदर्शनात आली. वरची बॉडी नव्या फॅशनची होती. खाली टाइप ५७ चीच चासी आणि पुढे तोच अखंड आस. एव्हाना युरोपातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांनीही तो टाकून दिला होता. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच टाइप १०१ बनल्या. शेवटचा डाव ग्राँ प्रीचा होता. फेरारीच्या पहिल्या इंजिनाचे शिल्पकार जोआकिनो कोलोम्बो यांना पाचारण करून टाइप २५१ बनवली गेली. इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि तेही आडवे, म्हणजे काळाच्या कितीतरी पुढे. पुढच्या चाकांमध्ये मात्र पुन्हा अखंड आसच होता. १ जुलै १९५६ रोजी र्‍हांसच्या सपाट, वेगवान मार्गावर मोरिस त्रँतिन्याँ यांनी ती शर्यतीत उतरवली. अठरा फेऱ्यांनंतर ती थांबली आणि बुगाटी कुटुंबाच्या हयातीतील कारखान्याची गाडी त्यानंतर ग्राँ प्रीला पुन्हा आली नाही.